मैलापाण्याचा हिशेब

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली देशातल्या मैलाशुद्धीकरण प्रकल्पांची मोजदाद प्रसिद्ध केली. शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी बाहेर पडते आणि ते शुद्ध करण्याची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर आहे, असे ती सांगते. एवढेच वाचले तर कुणीही म्हणेल, आणखी प्रकल्प बांधा. पण पुढचे आकडे अधिक अस्वस्थ करतात. प्रत्यक्ष वापर २०,२३५ दशलक्ष लिटरचा, आणि ठरलेल्या निकषांत बसणाऱ्या प्रकल्पांची क्षमता अवघी १२,१९७. क्षमतेत देशात पहिल्या असलेल्या महाराष्ट्रातही ६,८९० पैकी ४,२४२ दशलक्ष लिटरच वापरात होती. नाले दुथडी वाहत असताना प्रकल्पांच्या टाक्या पुऱ्या भरत नाहीत, याचा अर्थ सरळ आहे. मैलाशुद्धीकरणाच्या उद्योगाकडून आपण आजवर बांधकाम विकत घेत आलो, शुद्ध पाणी नव्हे.

ही सवय जुनी आहे. जलप्रदूषणाचा कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्येच केला, केंद्राचा १९७४ मध्ये आला. पण प्रकल्पांच्या उभारणीला मोठी चालना मिळाली ती १९८६ च्या गंगा कृती योजनेपासून. बांधायला पैसा वरून आला आणि चालवायचे ओझे मात्र पुढे राज्यांवर आणि त्यांच्या तिजोरीवर पडले. मैलापाणी शुद्ध करतात ते जिवाणू आणि त्यांना प्राणवायू लागतो. त्यासाठी टाकीत हवा सोडणारे ब्लोअर रात्रंदिवस फिरावे लागतात. विजेचे बिल थकले किंवा पुरवठा तासन्‌तास गेला की जिवाणू मरू लागतात आणि आलेले पाणी जवळपास तसेच नदीत जाते. साचलेला गाळ वेळेवर उपसणे हाही रोजचा खर्च. त्यातच मुख्य वाहिनी टाकलेली, पण घरांच्या जोडण्या राहिलेल्या, अशी स्थिती असेल तर मैला प्रकल्पापर्यंत पोचतच नाही. तो नाल्यातून प्रकल्पाला वळसा घालून नदी गाठतो. भिंती उभ्या राहिल्या, चाचणी झाली की ठेकेदाराची देयके निघत. दहा वर्षांनंतर त्या टाकीतून काय बाहेर पडते, यावर कुणाचाच पैसा अडकलेला नसे.

म्हणूनच २०१६ मध्ये गंगाशुद्धीच्या ‘नमामि गंगे’ कार्यक्रमासाठी मंजूर झालेली नवी पद्धत मला कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा महत्त्वाची वाटते. ठेकेदार कंपनीला भांडवली खर्चाचा ४० टक्के भाग बांधकामाच्या काळात मिळतो आणि उरलेला ६० टक्के पंधरा वर्षांत, प्रकल्प नीट चालला तरच. हरिद्वार, वाराणसी, मथुरेची कामे अशी दिली गेली. पाण्यातून खासगी कंपन्यांनी नफा का मिळवावा, हा आक्षेप गंभीर आहे. पण जुन्या पद्धतीतही नफा होताच, फक्त तो काँक्रीटवर मिळे. खरा धोका मोजमापाचा आहे: नमुने कंपनीनेच घ्यायचे आणि अहवालही तिनेच द्यायचा असेल, तर पंधरा वर्षांचा करारही कागदच राहील. दुसरा आक्षेप असा की खरी घाण कारखान्यांची, मग पालिकांच्या मागे का लागायचे? रसायने जास्त विषारी असतात, हे मान्य. पण शहरांच्या पुढच्या प्रवाहात बहुतेक नद्यांतला प्राणवायू संपवतो तो प्रामुख्याने घरांतला मैला, आणि परिमाणाने तोच कितीतरी मोठा आहे.

पालिकांकडे पैसा नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. तिचे एक उत्तर नागपुरात सापडते. भांडेवाडीला शुद्ध केलेले रोजचे १३० दशलक्ष लिटर पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची व्यवस्था तिथे झाली. वीज केंद्र त्याची किंमत मोजते आणि तेवढे ताजे पाणी शहरासाठी वाचते. गिऱ्हाईक पाण्याची वाट पाहत असेल तर प्रकल्प बंद ठेवणे कुणालाच परवडत नाही. २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणाने ५० किलोमीटरच्या आतल्या प्रकल्पांचे शुद्ध केलेले पाणी वापरणे औष्णिक केंद्रांवर बंधनकारक केले, ते याच दिशेने. मुंबईत आता वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोव्याला मिळून २,४६४ दशलक्ष लिटरचे सात प्रकल्प उभे राहत आहेत. भातसा-वैतरणेचे पाणी शंभरेक किलोमीटरवरून आणणाऱ्या या शहराने, यातले किती पाणी कोण आणि काय दराने घेणार, हे टाक्या भरण्याआधीच लेखी ठरवायला हवे.