पाण्याखाली फोडणी कोण घालतं?

मालवणच्या समुद्रात पहिली बुडी मारून मनू घरी आली. केस अजून ओले, भूक सपाटून लागलेली. पण सोलकढीची वाटी तोंडाला लावायच्या आधीच तिनं विचारलं, "आजोबा, पाण्याखाली कुणी फोडणी घालतं का हो?"

मी हसलो नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला, सात-आठ मीटर खोल खडकापाशी, तिला चहूबाजूंनी मोहरी तडतडताना ऐकू आली होती. सोबतच्या दादाला तिनं कानाकडे बोट दाखवून विचारलं, तर त्यानं आंगठा आणि तर्जनीचा गोल केला. म्हणजे सगळं ठीक. पाण्यात याहून जास्त तो काय सांगणार?

"आवाज कुठून येत होता?" मी विचारलं.

"कुठूनच नाही. म्हणजे, सगळीकडून. डोक्याच्या आतूनसुद्धा."

"आणि दादानं टाकीवर ठोकलं तेव्हा?"

"तेव्हापण तसंच! मी गोल फिरून बघितलं, तर तो माझ्या मागेच होता."

ऐक गो बाय, इथूनच सुरुवात करू. हवेत आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. उजवीकडून कुणी हाक मारली, तर ती उजव्या कानाला आधी आणि डाव्या कानाला किंचित उशिरा पोचते. तो उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. समुद्राच्या पाण्यात तोच आवाज सेकंदाला १,५०० मीटरच्या वेगानं पळतो, आणि तो उशीर चारपटीहून जास्त आटतो. शिवाय पाण्यात कवटीचं हाडही आवाज घेतं. मग उजवं-डावं राहतंच कुठे? म्हणून तर वर येताना पाणबुडे डोळ्यांनी चहूकडे बघत येतात. होडीचं इंजिन ऐकू येतं, पण होडी कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही.

थोडक्यात, पाण्याखाली 'कुठे' विचारून उपयोग नाही. 'कसा वाजतो' ते विचारायचं.

"मला आधी वाटलं, माझी टाकीच वाजते," मनू म्हणाली.

तेही तपासता येतं. बुडबुडे सुटतात ते श्वास सोडताना. श्वास रोखायचा नाही हे तुला शिकवलं असेलच, पण आत घेताना तर बुडबुडे नसतात ना? तेव्हा तडतड थांबली होती का? नाही? मग टाकी सुटली. कुर्रम्-कुर्रम् असा चणे फोडल्यासारखा आवाज असता, तर मी पोपटासारख्या चोचीच्या माशाचं नाव घेतलं असतं. तो प्रवाळ कुरतडतो. पण तुझी ती मोहरी. तिचा धनी तुझ्या बोटाएवढा आहे.

ती एक कोळंबी, आपलं सुंगटच म्हण ना. इंग्रजीत तिला पिस्तूलवाली कोळंबी म्हणतात. तिचा एक आकडा साधा, दुसरा अंगाच्या मानानं दांडगा. त्या दांडग्या आकड्याच्या एका बोटाला मुसळ असतं आणि दुसऱ्याला उखळ. आकडा ताणून उघडायचा आणि खाडकन मिटायचा. मुसळ उखळात शिरलं की आतलं पाणी चिळकांडीसारखं बाहेर पडतं, ताशी सुमारे ९० किलोमीटरच्या वेगानं. एवढ्या वेगात तिथला दाब कोसळतो आणि पाण्यात एक बुडबुडा फुगतो. लगेच भोवतालचं पाणी त्याला चिरडतं. फट्!

लोकांना वर्षानुवर्षं वाटत होतं, की दोन बोटं एकमेकांवर आपटल्याचा हा आवाज. आपण चुटकी वाजवतो तसा. २००० साली नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी सेकंदाला ४० हजार चित्रं टिपणारा कॅमेरा तिच्यासमोर लावला, तेव्हा कळलं की आकडा मिटतो तेव्हा जवळजवळ काहीच वाजत नाही. वाजतो तो बुडबुडा, चिरडला जाताना. पुढच्याच वर्षी त्यांना दिसलं, की त्या क्षणी प्रकाशाचा कणही चमकतो. आपल्या डोळ्यांना न दिसणारा, पण आतलं तापमान किमान ५,००० केल्विन. सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळ जाणारं! आणि हे सगळं कशासाठी? एखादा खेकडा बधिर करायला, नाहीतर शेजारणीशी भांडायला. भांडणात तो आकडा तुटला तर? दुसरा, साधा आकडा वाढून पिस्तूल होतो आणि तुटलेल्या जागी नवा साधा फुटतो.

अशा हजारो जणी खडकाच्या फटीफटीत बसून दिवसरात्र फटफट करतात. म्हणून तुला ती एक फट् नाही, अख्खी फोडणी ऐकू आली. गोव्यात ग्रँड आयलंडजवळ राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी पाण्यात मायक्रोफोन सोडले, तेव्हा माशांच्या कोरसबरोबर हीच तडतड टिपली गेली. कूस्तो एवढा थोर पाणबुड्या, पण १९५३ च्या पुस्तकाला त्यानं नाव दिलं 'शांत जग'. माणूस मोठा, नाव चुकलं.

"पण मोठी माणसंसुद्धा फसली असतील ना?" मनूनं तोंडात माशाचा तुकडा कोंबत विचारलं.

फसली तर! १९४२ साली अमेरिकेच्या चेसापीक उपसागराच्या तोंडाशी, जर्मन पाणबुड्यांचा सुगावा लागावा म्हणून नौदलानं पाण्यात कान लावले होते. वसंतात रस्ता फोडायच्या ड्रिलसारखा गोंगाट सुरू झाला आणि इतर काही ऐकूच येईना. निघाले मासे! आपल्या घोळीचे आणि ढोम्याचे भाऊबंद. या कुळातला मासा पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायूंनी ढोल वाजवतो. घोळीच्या याच पिशवीला आपले कोळी भोत म्हणतात. वाळवलेलं भोत किती महाग जातं ते बाजारात विचार. वाद्य महागच असायचं.

स्वीडनची गंमत तर याहून भारी. १९८१ साली एक सोव्हिएत पाणबुडी त्यांच्या किनाऱ्यालगतच्या खडकावर येऊन अडकली. मग त्यांना प्रत्येक आवाजात पाणबुडीच ऐकू येऊ लागली. पुढे शास्त्रज्ञांनी त्यांतला एक तडतडता आवाज तपासला. तो हेरिंग माशांचा. आपल्या तारलीसारखेच थव्यानं राहणारे. थवा घाबरला की…

"की काय?"

की मागच्या बाजूनं हवा सोडतो.

मनूच्या घशातली सोलकढी नाकातून आली. तिची आई आतून ओरडली. मी मात्र गंभीर राहून सांगितलं, की २००४ साली हेरिंगच्या या हवेवरच्या शोधाला इग्नोबेल पारितोषिक मिळालं. इग्नोबेल म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं.

"तुम्ही उगाच सांगताय," ती म्हणाली. मासे, पाणबुड्या, सूर्याएवढी गरम कोळंबी, यातलं तिला सगळं पटलं होतं. न पटलेलं एकच. आपल्याला आवाजाची दिशा कळत नाही, हे.

संध्याकाळी ओहोटीला आम्ही किनाऱ्यावर गेलो. कमरेएवढ्या पाण्यात ती उभी राहिली, डोळे घट्ट मिटून डोकं पाण्याखाली घातलं. मी दोन दगड घेऊन हळूच तिच्या मागे गेलो आणि पाण्यात एकमेकांवर तीनदा आपटले.

ती धापा टाकत वर आली. डोळे मिटलेलेच. ठामपणे हात उचलून तिनं समोर किल्ल्याकडे बोट दाखवलं.