फुटबॉलमधील संघरचनांचा ऐतिहासिक विकास : रोव्हर्स चषक व सय्यद अब्दुल रहीम यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
फुटबॉल संघातील खेळाडूंची मैदानावरील मांडणी म्हणजे संघरचना होय. ती अंकांत मांडताना गोलरक्षक वगळून बचावफळीपासून आघाडीकडे मोजणी केली जाते. उदाहरणार्थ, ४-२-४ म्हणजे चार बचावपटू, दोन मध्यरक्षक व चार आघाडीवीर. महाविद्यालयीन पातळीवर हे अंक अनेकदा तयार साच्याप्रमाणे स्वीकारले जातात. वस्तुतः प्रत्येक रचना ही खेळाचे नियम, प्रतिस्पर्धी व उपलब्ध खेळाडू यांतून निर्माण झालेल्या प्रश्नाचे उत्तर असते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने संघरचनांच्या विकासाचा आढावा घेतला आहे.

नियम आणि रचना :
प्रारंभीच्या फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन एकट्याने धावण्यावर भर होता. त्यामुळे बहुतेक खेळाडू आघाडीवर असत. १८७२ साली ग्लासगो येथे झालेल्या इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यात स्कॉटिश खेळाडूंनी परस्परांना पास देत इंग्लंडला गोलशून्य बरोबरीत रोखले. पास देण्याची पद्धत रुजल्यावर मधल्या फळीचे महत्त्व वाढले आणि १८८० च्या दशकात २-३-५ ही रचना प्रस्थापित झाली.

१९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. आघाडीवीर व गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे किमान तीन खेळाडू असण्याची अट दोनवर आली. बचावातील एक चूकही महाग पडू लागल्याने मधल्या फळीतील केंद्रस्थानाचा खेळाडू दोन बचावपटूंच्या मध्ये मागे आला. आर्सेनलचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांच्या संघात यातून ‘डब्ल्यू-एम’ रचना घडली. १९५३ साली हंगेरीने वेम्बली येथे इंग्लंडला ६-३ असे हरविले, ते याच रचनेतील उणीव हेरून. हंगेरीचा मध्य आघाडीवीर हिदेगकुटी मुद्दाम मागे राहून खेळला. त्याच्यामागे जावे की जागा धरून राहावे, हे इंग्लिश बचावपटूला ठरविता आले नाही. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलने ४-२-४ रचनेने विजेतेपद मिळविले.

मुंबई आणि भारतीय अनुभव :
मुंबईत १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकावर दीर्घकाळ ब्रिटिश लष्करी पलटणींचे वर्चस्व होते. १९३७ साली बंगळूर मुस्लिम्स संघाने ते मोडले. पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने हा चषक जिंकला. या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम मूळचे शिक्षक होते. लांब फटक्यांऐवजी जमिनीलगतचे जलद पास आणि दोन्ही पायांनी चेंडू खेळण्याचा सराव यांवर त्यांचा भर असे.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा पराभूत झाला. अनवाणी खेळण्याच्या मर्यादा तेथे उघड झाल्या व बूट अनिवार्य ठरले. रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने चौथे स्थान मिळविले. मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. पुढे रहीम यांनी भारतीय संघात ४-२-४ रचना रुजविली. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मात्र त्यांनी डोक्याला दुखापत झालेल्या जर्नेलसिंग या बचावपटूस आघाडीवर खेळविले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर मिळविलेल्या २-१ अशा विजयात एक गोल त्यांचाच होता. रचना खेळाडूंसाठी असते, खेळाडू रचनेसाठी नव्हे, याचे हे बोलके उदाहरण होय.

निष्कर्ष :
१९६३ साली रहीम यांचे निधन झाले. त्यानंतर आशियाई स्पर्धेतील पुरुष फुटबॉलमध्ये भारताला केवळ एक पदक, १९७० चे कांस्य, मिळाले. रोव्हर्स चषकही २०००-०१ नंतर बंद पडला. ४-२-४ हे अंक कागदावर राहिले. परंतु त्यामागील विचारप्रक्रिया पुढील पिढ्यांकडे त्याच प्रमाणात संक्रमित झाली नाही. वसई-विरारसारख्या किनारपट्टीच्या भागात पावसाने चिखल झालेल्या मैदानावर, मर्यादित सरावानिशी उतरणाऱ्या महाविद्यालयीन संघाला परदेशी संघाची रचना जशीच्या तशी देणे म्हणूनच अपुरे ठरते. आपल्या खेळाडूंना काय जमते, हा प्रश्न प्रथम विचारला गेला पाहिजे. रचना त्यानंतर ठरावी.