घरातील कीडनियंत्रण : खर्च, प्रक्रिया आणि विषारी वायूचा धोका

नवी दिल्ली : घरातील झुरळे, ढेकूण वा वाळवीसाठी केले जाणारे ‘पेस्ट कंट्रोल’ आणि विषारी वायू कोंडून केलेले धुरीकरण या भिन्न प्रक्रिया असून, त्यांतील गल्लत जिवावर बेतू शकते.

झुरळांसाठी ओट्याखाली आणि कपाटांच्या फटींत जेलचे ठिपके दिले जातात. त्यासाठी घर रिकामे करावे लागत नाही आणि लहान सदनिकेचा खर्च साधारणतः एक ते दोन हजार रुपये येतो. ढेकणांची अंडी पहिल्या फवारणीतून वाचतात. म्हणून सुमारे १५ दिवसांनी दुसरी फवारणी करावी लागते. ती ठरलेल्या दरात समाविष्ट आहे का, हे आधीच विचारावे. वाळवीसाठी भिंत व जमिनीच्या सांध्यालगत छिद्रे पाडून औषध सोडतात. हा दर सहसा चौरस फुटांवर ठरतो.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मुख्यतः धान्य गोदामांतील धुरीकरणासाठी असतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. तो फटींतून शेजारच्या खोलीत शिरू शकतो आणि त्यावर उतारा नाही. त्यामुळेच या गोळ्यांच्या विक्रीवर देशात निर्बंध आहेत.

कीटकनाशके नियम, १९७१ नुसार व्यावसायिक कीडनियंत्रणासाठी परवाना बंधनकारक आहे. काम देण्यापूर्वी परवाना पाहावा आणि औषधाचे नाव लेखी घ्यावे. राहत्या घरात गोळ्या ठेवण्याचा प्रस्ताव कितीही स्वस्त असला, तरी नाकारावा. लसूण वा सडक्या मासळीसारखा वास, मळमळ किंवा धाप जाणवल्यास सर्वांनी तत्काळ बाहेर पडून रुग्णालय गाठावे.