गोळीची किंमत आणि खाड्याची किंमत

बदलापूरजवळच्या खरवईच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांची पोती आणि पिंपे हलविणाऱ्या एखाद्या कामगाराच्या पाठीत उसण भरली, तर त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात. चार दिवस घरी राहून खाडे पडू द्यावयाचे, किंवा स्नायू शिथिल करणारी गोळी घेऊन पुढच्या पाळीला हजर व्हावयाचे. रोजंदारीवरील कंत्राटी कामगाराने दुसरा मार्ग पत्करला तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही. गोळ्यांच्या पाकिटाची किंमत एका दिवसाच्या मजुरीपेक्षा पुष्कळच कमी असते, आणि त्याचा हिशेब तेवढ्यापुरता चोख असतो. प्रश्न असा आहे की, या हिशेबात कोणत्या रकमा मांडल्याच जात नाहीत?

पहिली रक्कम औषधाच्या गुणाची. क्लोरझोक्साझोन, थायोकोल्चिकोसाइड, टिझानिडिन, मेथोकार्बामॉल ही या वर्गातील परिचित नावे. आखडलेल्या स्नायूवर ही औषधे थेट काम करतात असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यांचा परिणाम मुख्यतः मेंदू व मज्जारज्जूवर होतो, आणि म्हणूनच त्यांच्यामागोमाग गुंगी, चक्कर आणि तोंडाला कोरड येते. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२१ साली ३१ चाचण्यांचा व ६,५०५ रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कंबरेच्या तीव्र दुखण्यात पहिल्या दोन आठवड्यांत या औषधांनी शंभरपैकी आठ गुणांहूनही कमी उतार पडतो, आणि तोही पुरावा अत्यंत दुबळा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकेत २०१५ साली झालेल्या एका चाचणीत नुसत्या वेदनाशामकापेक्षा त्याच्या जोडीला दिलेल्या स्नायुशिथिलकाने अधिक लाभ दिसला नाही.

याचा अर्थ ही औषधे सर्वथा टाकाऊ आहेत असा करू नये. अमेरिकेतील वैद्यांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शनात त्यांना स्थान आहे; मात्र शेक, मालीश यांसारख्या उपायांना त्यांच्याआधी मान आहे. अंथरुणाला खिळून न राहता झेपेल तेवढी हालचाल ठेवली, तर अशी बहुतेक दुखणी काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. पण झेपेल तेवढी हालचाल म्हणजे पोती उचलणे नव्हे. म्हणजेच या दुखण्यावरील मोठे औषध काळ हे आहे. आणि मजुराला परवडत नाही तो नेमका काळच.

दुसरी रक्कम बाजाराची. औषध घेणारा आणि ते ठरविणारा हे निराळे असतात व दोघांचे ज्ञान सारखे नसते, म्हणून वैद्यकसेवेचा बाजार भाजीबाजारासारखा चालत नाही, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते. आपल्याकडे स्नायुशिथिलक क्वचितच एकटे विकले जाते. पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक यांच्यासह एकाच गोळीत ते बांधलेले असते. अंगदुखीसाठी निराळे पॅरासिटामॉल घेणाऱ्याला आपण त्याची दुप्पट मात्रा घेत आहोत हे कळतही नाही. हाथी समितीने १९७५ मध्ये औषधे मूळ नावाने विकली जावीत असा आग्रह धरला होता. पुढे सरकारने २०१६ मध्ये ३४४ आणि २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदी घातली. या आकड्यांवरूनच रोगाचा विस्तार लक्षात यावा. थायोकोल्चिकोसाइड पोटात घ्यावयाचे तर सात दिवसांपेक्षा अधिक नको आणि गरोदर स्त्रियांना मुळीच नको, असे युरोपीय औषधसंस्थेने २०१३ साली बजावले. पण जुन्या चिठ्ठीवर पुनःपुन्हा पाकीट घेणाऱ्याला ही मर्यादा कोण सांगणार?

तिसरी रक्कम सर्वांत जड आहे. गुंगीत असलेला कारकून फार तर बेरीज चुकेल; रसायनांच्या कारखान्यात झडप फिरविणाऱ्या अथवा मालाची गाडी हाकणाऱ्या कामगाराची चूक त्याच्यापुरती राहत नाही. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. पाळी भरल्याचा लाभ मालकाला, मजुरीचा लाभ कामगाराला, आणि धोका मात्र शेजारच्या यंत्रावरील माणसालाही!

या स्थितीवर उपाय कायद्याला सुचले नाहीत असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३४ व्या कलमाने इजा होईल इतके ओझे उचलावयास लावण्यास मनाई केली होती. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा करून देशाला वाट दाखविली. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणी वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळतो. तथापि त्यासाठी सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, आणि नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस भत्त्यावाचून जातात. उसण भरलेल्या पाठीला विश्रांती हवी असते ती नेमकी याच दोन दिवसांत. ठेकेदार बदलताच ज्याची हजेरी तुटते त्याला तर ७८ दिवसांचा उंबरठाही ओलांडता येत नाही.

म्हणून सुधारणा औषधाच्या दुकानापासून सुरू होऊन कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली पाहिजे. चिठ्ठीवाचून ही औषधे विकू नयेत आणि गुंगीची सूचना मराठीत ठळक छापलेली असावी. अशी गोळी घेतलेल्या कामगाराला मजुरी न कापता हलके काम द्यावे. पहिल्या दोन दिवसांचा भत्ता सुरू करावा. पोत्यांचे वजन घटवून हातगाड्या व उचलयंत्रे पुरवावीत. यास पैसा लागेल हे खरे. पण तो खर्च आजही होतच आहे. फरक इतकाच की, तो कोणाच्याही जमाखर्चात न दिसता कामगाराच्या कण्यातून वसूल होतो. ज्या समाजात दोन दिवसांची विश्रांती दहा गोळ्यांपेक्षा महाग पडते, त्याने आपल्या औषधांपूर्वी आपले हिशेब तपासावेत.