टीम बाहेरची, प्रॉडक्ट कोणाचं?

सांगलीच्या विश्रामबागेतलं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 सालचं. तिथून शिकून पुण्याला गेलेल्या संगणक अभियंत्यांतल्या कितीतरी जणांनी दुसऱ्यांची प्रॉडक्टं बांधण्यात उमेदीची वर्षं घालवली. आता सांगलीतच कुणी स्टार्टअप काढायला निघालं, की पहिला सल्ला ठरलेला: पगारी माणसं कशाला, काम बाहेर देऊन टाक. या व्यवहारातली काम घेणाऱ्याची बाजू महाराष्ट्रानं जवळून पाहिली आहे. आनंद देशपांडे यांनी 1990 मध्ये पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली, दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर प्रॉडक्टं बांधून देण्यात नाव कमावलं आणि 2010 मध्ये कंपनी शेअर बाजारात नेली. म्हणजे बाहेरची टीम उत्तम प्रॉडक्ट बांधू शकते, याबद्दल वाद नाही. पण काय बांधायचं आणि काय टाकून द्यायचं हे ठरवणारा माणूस काम देणाऱ्याच्या घरात लागतो. नव्या स्टार्टअपमध्ये नेमकं तेच ठरलेलं नसतं.

त्याच पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी वेगळी वाट धरली. कैलास यांचं दुरुस्तीचं दुकान, तर क्विक हील हे अँटिव्हायरस लिहिलं संजय यांनी. नवा व्हायरस आला की प्रॉडक्टला हात घालावा लागणार. असल्या कामाची यादी करारात आधी लिहून देता येत नाही. 2016 मध्ये हीही कंपनी बाजारात आली. यावर स्काइपचा दाखला हमखास पुढे येतो: संस्थापक स्वीडन-डेन्मार्कचे, कोड एस्टोनियातल्या प्रोग्रामरांचा. दाखला खरा आहे, पण अर्धा. त्या प्रोग्रामरांनी याच संस्थापकांसाठी आधी काझा हे फाइल-शेअरिंग सॉफ्टवेअर बांधलं होतं, आणि स्काइपमध्ये त्यांचे शेअर होते. 2005 मध्ये ईबेनं कंपनी घेतली तेव्हा त्यांनाही वाटा मिळाला. त्यांना कंत्राटदार म्हणणं जरा धाडसाचंच.

पैशाचा आक्षेप मात्र खरा आहे. पुण्याच्या पगाराशी सांगलीतल्या नवख्या संस्थापकानं स्पर्धा करायची कशी? त्यानं पेमेंट, ओटीपी, सर्व्हर अशा ठरून गेलेल्या गोष्टी खुशाल विकत घ्याव्यात. ॲपचे स्क्रीनही बाहेरून करून घ्यावेत. रोज ग्राहकाचं ऐकून बदलणारा गाभा तेवढा स्वतःच्या किंवा भागीदाराच्या हाती ठेवावा. कंत्राटाच्या स्वस्ताईत एक खर्च कुणी मोजत नाही, तो कायद्याचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरानं कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा ठरतो. बाहेरच्या कंत्राटदारानं लिहिलेला मात्र बिल चुकतं झालं म्हणून आपला होत नाही. त्यासाठी लेखी हस्तांतरण लागतं. त्यातही मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.