चिपळ्या आणि ओरखडे

प्रभातचा ‘संत तुकाराम’ १३१ मिनिटांचा आहे. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर त्याच्या १ लाख ८८ हजार ६४० फ्रेम होतात. त्यातल्या कुठल्याही फ्रेमवर धूळ बसलेली असू शकते, ओरखडा उठलेला असू शकतो, बुरशीची नक्षी पसरलेली असू शकते. हा चित्रपट घरच्या मोठ्या टीव्हीवर १९३६ साली गिरगावातल्या सेंट्रल चित्रपटगृहात दिसला असेल तसा दिसायचा असेल, तर या सगळ्या फ्रेम कुणाच्या तरी नजरेखालून जाव्या लागतात. संपादकांनी मला जुन्या चित्रपटांच्या जीर्णोद्धारावर लिहायला सांगितलं होतं. विषयाचा पसारा मोठा आहे. पण मी अडकलो तो स्कॅनरच्या पोटातल्या एका दिव्यापाशी. त्या दिव्याकडे येतोच, आधी थोडा इतिहास.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४च्या फेब्रुवारीत. पुढच्याच वर्षी पी. के. नायर तिथे रुजू झाले आणि १९९१मध्ये संचालक म्हणून निवृत्त झाले. आज दादासाहेब फाळक्यांचं जे काही आपल्याला पाहता येतं, त्याचं मोठं श्रेय या माणसाला आहे. ‘कालिया मर्दन’ (१९१९) नायरांच्या हाती आला तो फाळके कुटुंबीयांकडून मिळालेल्या तुकड्यांच्या रूपात. कुठला तुकडा कुठल्या तुकड्यानंतर यायचा, हे फाळक्यांच्याच टिपणांवरून ताडून त्यांनी तो जुळवला. त्यात बालकृष्ण झालेली मंदाकिनी ही फाळक्यांची मुलगी. तिच्या चेहऱ्यावरचे भाव आज आपण पाहतो, ते कुणीतरी त्या वेळी डबे उघडून पाहण्याची तसदी घेतली म्हणून. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं एवढंच उरलं. भारतात मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले. त्यातले आज तीससुद्धा शिल्लक नाहीत. ‘आलम आरा’ तर गेलाच.

का गेले? १९५०च्या आसपासपर्यंत फिल्मचा पाया नायट्रेटचा असे. तो भडकन पेटतो आणि जळताना लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवतो, म्हणून पाण्यात बुडवला तरी विझत नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, जिथे एकेकाळी प्रभात स्टुडिओ होता त्याच आवारातल्या नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि हजारो रिळं जळून गेली. आगीने जितके नेले त्याहून जास्त माणसांनी नेले, हे मात्र जास्त लागतं. चित्रपटाचा धंदा संपला की रिळं किलोवर विकली जात. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते, ती काढून घेत. कुठल्याशा सिनेमातला कुठलासा अभंग असा वितळून दागिन्यात गेला असेल, हा विचार मला सहन होत नाही.

नायट्रेटनंतर आलेली ॲसिटेट फिल्म तशी भडकन पेटत नाही, पण कुजते. ओलसर, उबदार जागेत ठेवली की तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा जो उग्र वास नाकात जातो तो याचाच. सुटलेलं आम्ल उरलेल्या फिल्मला आणखी वेगाने कुजवतं, म्हणजे एक आजारी डबा शेजारच्यांनाही धोक्याचा. म्हणून डब्यात कागदाची एक छोटी पट्टी ठेवतात; ती निळी असली तर ठीक, हिरवी झाली तर लक्ष द्यायचं, पिवळी झाली तर त्या रिळाला रांगेत सगळ्यांच्या पुढे घ्यायचं.

अशा रिळांच्या तपासणीच्या टेबलाशी मी बराच वेळ बसून होतो. दोन बाजूंना हाताने फिरवायचे रिवाइंडर, मध्ये खालून उजेड येणारी दुधी काच, आणि सुती हातमोजे घातलेले तपासनीस. ते फिल्म डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त पाहत होते. अंगठा आणि तर्जनीत फिल्मची कड धरायची आणि उजव्या हाताने सावकाश गुंडाळत जायचं. फाटलेलं छिद्र, जुना जोड, दुमडलेली कड बोटाला आधी कळते. मग थांबायचं, भिंग लावायचं, वहीत रिळाचा क्रमांक, फूट आणि दोष लिहायचा. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम आणि प्रत्येक फ्रेमला एका बाजूला चार छिद्रं. म्हणजे हजार फुटांच्या रिळाला, अकरा मिनिटांच्या सिनेमाला, एका कडेची ६४ हजार छिद्रं. फाटलेल्या छिद्रावर ते पातळ पारदर्शक पट्टी बसवत होते, छिद्राच्या मापाला तंतोतंत. जुना, तेलकट झालेला जोड उघडून, दोन्ही टोकं साफ करून पुन्हा जोडत होते. तासाभरात फार तर काही फूट पुढे सरकले असतील. फिल्म आक्रसलेली असते, म्हणून हे सगळं करावं लागतं. एखाददुसऱ्या टक्क्याने आक्रसली तरी छिद्रं दातेरी चाकावर नीट बसत नाहीत आणि चाक त्यांना फाडतं. त्यामुळे असं साहित्य दात नसलेल्या, नुसत्या रोलरवरून फिल्म ओढणाऱ्या स्कॅनरवर घ्यावं लागतं.

सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची गोष्ट यापुढची. १९९३ साली लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत तिची मूळ निगेटिव्ह होरपळली. जळके अवशेष कुणी टाकून दिले नाहीत, एवढी एक गोष्ट बरी झाली. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबमध्ये ठिसूळ झालेली फिल्म द्रावणात ठेवून मऊ केली गेली. नुसत्या हाताच्या दुरुस्तीलाच जवळजवळ हजार तास लागले. ‘पथेर पांचाली’चा ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हमधून परत मिळाला, उरलेल्या भागासाठी जगभरातल्या प्रती शोधल्या. २०१५मध्ये क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने तिची ब्लू-रे काढली. ती पाहताना दुर्गाच्या अंगावरचा पाऊस थेंबाथेंबाने दिसतो.

आता तो दिवा. स्कॅनर फिल्मची प्रत्येक फ्रेम लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशात टिपतो. चांगल्या स्कॅनरमध्ये चौथा प्रकाश असतो, इन्फ्रारेडचा. रंगीत फिल्म धुतल्यावर तिच्यात चांदी राहत नाही, चित्र उरतं ते रंगद्रव्यांचं. ती द्रव्यं इन्फ्रारेडला जवळजवळ पारदर्शक असतात. धूळ, केस, ओरखडे मात्र तो प्रकाश अडवतात किंवा विखुरतात. म्हणून इन्फ्रारेडमध्ये टिपलेल्या फ्रेमवर चित्र जवळपास नाहीसं होतं आणि उरतो फक्त दोषांचा नकाशा. संगणकाने त्या नकाशाप्रमाणे चालायचं, शेजारच्या फ्रेममधून तुकडा घ्यायचा, खड्डा भरायचा. मला ही युक्ती विलक्षण सुंदर वाटली.

पण काळ्या-पांढऱ्या फिल्मवर ती चालत नाही. तिथे चित्रच चांदीचं असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. त्या दिव्याच्या दृष्टीने तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांचा चेहरा आणि त्या चेहऱ्यावरची धूळ यांत काही फरक नाही. ‘अयोध्येचा राजा’, ‘संत तुकाराम’, ‘माणूस’, ‘श्यामची आई’: मराठी सिनेमाचं वैभव म्हणून आपण ज्यांची नावं घेतो ते सगळे काळे-पांढरे. म्हणजे सर्वात हुशार यंत्र नेमकं आपल्या सर्वात मोलाच्या चित्रपटांपुढे हात टेकतं.

मग दुसरे उपाय. वेट गेट हा त्यातला एक: फ्रेम टिपतानाच ती एका द्रवात बुडवायची. तो द्रव फिल्मच्या पायाइतकाच प्रकाश वाकवतो, त्यामुळे पायावरच्या ओरखड्यांत भरला की ते दिसेनासे होतात. इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, खरवडून चांदीच निघून गेली असेल तिथे मात्र द्रव काही करू शकत नाही. त्यानंतर सॉफ्टवेअर. त्याचा नियम साधा आहे: जे एकाच फ्रेममध्ये आहे, आधीच्यात नाही आणि नंतरच्यात नाही, ती धूळ. बहुतेक वेळा हे खरं असतं. पण पावसाचा थेंबही एकाच फ्रेमपुरता असतो. चुलीतून उडालेली ठिणगी, उधळलेला बुक्का, मळणीच्या वेळी वाऱ्यावर गेलेलं भूसही. सॉफ्टवेअर मोकळं सोडलं तर ते पाऊस पुसून टाकतं. ‘संत तुकाराम’मध्ये पांडुरंग शिवाजी महाराजांची अनेक रूपं निर्माण करून शत्रूला चकवतो, तो प्रसंग आठवा. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी असे चमत्कार कॅमेऱ्याच्या युक्त्यांनी साधले. युक्तीच्या दृश्यात फिल्मचा कण बदलतो, चित्र किंचित थरथरतं, उजेड हलतो. यंत्राला हे सगळे दोष वाटतात. ते दोष नाहीत, १९३६ सालच्या पुण्यातल्या कारागिरांच्या हाताच्या खुणा आहेत, हे सांगायला टेबलाशी माणूसच लागतो. पांढऱ्या डागाशी थांबून, मागे-पुढे एकेक फ्रेम सरकवून हा डाग की फूल असं विचारणारा माणूस.

आवाजाचंही तेच. जुन्या चित्रपटाचा आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या पट्टीच्या रूपात असतो. पट्टीवर धूळ बसली की टक्‌ असा आवाज येतो, ओरखडा असला की खरखर. टकटक काढणारं सॉफ्टवेअर अचानक उठून अचानक संपणारा तीक्ष्ण आवाज शोधतं. चिपळ्या दुसरं काय करतात? टाळाची कडा, एकतारीची पहिली छेड याच जातीची. आवाज ‘स्वच्छ’ करताना भजनातला ठेकाच बोथट झाला, तर तुकोबांचं कीर्तन कीर्तन राहत नाही. थोडी खरखर राहू द्यावी, असं माझं मत आहे.

एवढं करून ४केमध्ये टिपलेली फ्रेम साधारण ५० मेगाबाइटची होते. ‘संत तुकाराम’एवढा चित्रपट ९ टेराबाइटच्या पुढे जातो. घरच्या ब्लू-रे तबकडीवर जागा ५० गिगाबाइटची. म्हणजे शेवटच्या टप्प्यावर चित्र जवळजवळ दोनशेपट आवळायचं असतं, आणि आवळताना सगळ्यात जड जातो तो फिल्मचा कण. तो प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने विखुरलेला असतो, म्हणून त्याला जागा फार लागते. मग काही कंपन्या कणच पुसून टाकतात. चेहरे मेणाचे दिसू लागतात, सुरकुत्या जातात, जाड्याभरड्या धोतराचा पोत जातो. पाहणारा म्हणतो, वा, काय स्वच्छ आहे! अशा स्वच्छतेपेक्षा ओरखडे परवडले.

आपल्या घरी मात्र जुना मराठी सिनेमा आला तो व्हीसीडीवर. ३५२ बाय २८८ बिंदूंचं चित्र, एका तबकडीत सव्वा तासाच्या आतबाहेर, म्हणून एका चित्रपटाच्या दोन-तीन तबकड्या. झिजलेल्या प्रिंटवरून केलेल्या त्या प्रतींत डोकी कापलेली, पांढरे सदरे विरघळलेले. त्यांच्याच पिढीच्या प्रती आज फोनवर फिरतात, कोपऱ्यात कुणाचं तरी बोधचिन्ह मिरवत. आमच्या पिढीने ‘श्यामची आई’ अशीच पाहिली. आईच्या डोळ्यांत पाणी आहे की प्रिंटवर डाग, हे कळायला मार्ग नव्हता.

आता परिस्थिती बदलायला हवी होती, आणि काही अंशी बदलली आहे. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाला ५९७ कोटी रुपये मंजूर झाले. त्याअंतर्गत २२०० चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा २०२२मध्ये झाली. ‘श्यामची आई’चा जीर्णोद्धार झाला आणि २०२३च्या इफ्फी महोत्सवात, गोव्यात, तो दाखवलाही गेला. अत्र्यांच्या या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं होतं, त्याला सत्तर वर्षं होत आली होती. मुंबईत शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने २०१४पासून स्वतंत्र वाट धरली आहे. त्यांनी जीर्णोद्धार केलेला ‘मंथन’ २०२४मध्ये कान महोत्सवाला गेला. पण महोत्सवातल्या एका खेळापासून घरच्या कपाटापर्यंतचं अंतर आपल्याकडे कापलं जात नाही. उदय शंकर यांच्या ‘कल्पना’चंच बघा. पुण्याच्या संग्रहालयातल्या डुप निगेटिव्ह आणि प्रिंटवरून बोलोन्यात जीर्णोद्धार, २०१२मध्ये कान, आणि २०२२मध्ये क्रायटेरियनच्या संचात तबकडी. साहित्य पुण्याचं, पण तबकडी विकत घ्यायची ती अमेरिकेहून मागवून. माझ्या कपाटात जीर्णोद्धार झालेल्या एकाही मराठी अभिजात चित्रपटाची ब्लू-रे नाही.

अडचणींचा गुंता हक्कांपाशी सुरू होतो. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. म्हणजे प्रभातचा सगळा काळ आणि ‘श्यामची आई’सुद्धा आता मोकळे आहेत. ऐकायला हे सोयीचं वाटतं, पण व्यवहारात उलटं होतं. कुणी लाखो रुपये घालून तबकडी काढली, तर दुसऱ्या दिवशी तिची नक्कल कुणीही चढवू शकतो. म्हणून पैसे घालणारा पुढे येत नाही. हक्क शिल्लक असलेल्या चित्रपटांचे निर्माते गेलेले, वारस तीन शहरांत विखुरलेले, करारपत्रं हरवलेली. मुंबईतल्या फिल्म लॅब एकामागून एक बंद झाल्या तेव्हा तिथे ठेवलेल्या निगेटिव्ह कुणाच्या, हेच कित्येकदा कुणाला सांगता आलं नाही. आणि ज्यांचं डिजिटल रूप झालं त्यांचंही निभलं असं नाही: टेपवरचा डेटा काही वर्षांनी नव्या टेपवर हलवावा लागतो, पुन्हा पुन्हा, कायमचा. हा खर्च एकदाच्या मंजुरीत बसत नाही, तो दरवर्षीच्या अंदाजपत्रकात लागतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती उजेडाची. ‘मंथन’च्या वेळी छायालेखक गोविंद निहलानी स्वतः देखरेखीला होते; गुजरातच्या धुळीचा रंग कसा होता हे ते सांगू शकत होते. ‘संत तुकाराम’चे छायालेखक व्ही. अवधूत केव्हाच गेले. इंद्रायणीकाठच्या दुपारी त्यांनी किती उजेड ठेवला होता, देवळाच्या आतला काळोख किती दाट हवा, याचा पुरावा आता फक्त त्या काळच्या एखाद्या चांगल्या प्रिंटमध्ये असू शकतो. अशी प्रिंट कुठल्या फिल्म सोसायटीच्या माळ्यावर, कुठल्या जुन्या वितरकाच्या गोदामात, परदेशातल्या कुठल्या संग्रहात असेल, तर ती शोधायचं काम तिच्या डब्यातली पट्टी पिवळी व्हायच्या आत व्हायला हवं. त्यासाठी कोल्हापूर, पुणे, मुंबई आणि नाशिक इथल्या जुन्या चित्रपटगृहांच्या मालकांकडे, वितरकांच्या मुलानातवंडांकडे जाऊन डबे उघडून पाहणारी चार माणसं नेमली तरी सुरुवात होईल.