‘आपण’ आणि ‘आम्ही’ : शहाडच्या भाषापरिस्थितीतून दिसणारा सहभावाचा प्रश्न

मनुष्यास मनुष्याची ओढ असते, हे विधान सामान्यतः नीतिशास्त्राच्या किंवा काव्यशास्त्राच्या कक्षेत मोडते असे मानले जाते. परंतु भाषेच्या अभ्यासकासही ते टाळता येत नाही. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्हस्की याने १९२३ मध्ये असे दाखवून दिले की, मनुष्याच्या बोलण्याचा बराच मोठा भाग माहिती देण्यासाठी नसतोच. केवळ दोन माणसांमधील धागा तुटू नये एवढ्यासाठी तो असतो. ‘काय, जेवण झाले का?’ असे शेजाऱ्यास विचारणाऱ्यास त्याच्या जेवणाची बातमी नको असते. या प्रकारच्या बोलण्यास ‘संबंधभाषण’ म्हणता येईल. ते बदलते, प्रसंगानुसार गळते, नव्याने घडते. मात्र काही भाषांनी हीच ओढ याहून खोलवर, म्हणजे व्याकरणातच, बसविलेली आहे. मराठी ही त्यांपैकी एक होय. ही व्यवस्था कशी चालते आणि प्रत्यक्ष व्यवहारात ती कोठे अडते, याचा विचार प्रस्तुत लेखात शहाड परिसराच्या आधारे केला आहे.

दोन अनेकवचने

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचने दोन आहेत. ‘आम्ही उद्या जाऊ’ असे म्हटले म्हणजे ऐकणारा त्या जाण्यात नाही. ‘आपण उद्या जाऊ’ असे म्हटले म्हणजे तो त्यात आहे. पहिल्यास श्रोतृव्यावर्तक व दुसऱ्यास श्रोतृसमावेशक म्हणावे. हा भेद मराठी बोलणारे मूल शाळेत जाण्यापूर्वीच आत्मसात करते आणि पुढे आयुष्यभर त्याकडे त्याचे लक्षही जात नाही. तथापि त्याचा परिणाम फार दूरवर पोहोचतो. बोलणारा ‘आपण’ किंवा ‘आम्ही’ यांपैकी एक शब्द उच्चारतो त्या क्षणी समोरच्या माणसाविषयी एक निर्णय झालेला असतो : हा माझ्या वर्तुळात आहे की बाहेर? ज्या भाषेत एकच ‘हम’ आहे तेथे हा निर्णय संदिग्ध ठेवण्याची सोय असते. मराठीत ती फारशी नाही.

या भेदाची शास्त्रीय नोंद भारताबाहेर बरीच जुनी आहे. डोमिंगो दे सांतो तोमास या स्पॅनिश धर्मोपदेशकाने १५६० मध्ये पेरूमधील केचुआ भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, त्यात हा विचार आलेला आहे. धर्मोपदेशकांना त्याची गरज तीव्रतेने भासणे स्वाभाविक होते. देवास उद्देशून ‘आमचा पिता’ म्हणावयाचे की ‘आपला पिता’, हा प्रश्न अशा प्रत्येक भाषेत उभा राहतो. ‘आपला’ म्हटले तर देव स्वतःच्याच लेकरांत जाऊन बसतो! मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत ‘आमच्या’ हे रूप आहे, ते याच कारणाने. भारताच्या राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेचा आरंभही ‘आम्ही’ने होतो. तेथे कोणास वगळण्याचा हेतू नाही. जगासमोर गंभीरपणे केलेली ती घोषणा आहे, आणि घोषणेस ‘आम्ही’च शोभते. म्हणजे ‘आम्ही’ हा शब्द स्वभावतः कठोर नाही. तो कोणासमोर उच्चारला जातो यावर त्याचा अर्थ ठरतो.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘आम्ही’ हा प्राकृत ‘अम्हे’ याचा वारस आहे. ‘आपण’चे कुळ वेगळे आहे. संस्कृत ‘आत्मन्’, त्यापासून प्राकृत ‘अप्पा’, ‘अप्पाण’ आणि त्यापासून ‘आपण’. मुळात ‘स्वतः’ एवढाच अर्थ असलेल्या शब्दाने पुढे ‘मी आणि तू मिळून’ हा अर्थ धारण केला. ‘त्याने आपले घर विकले’ या वाक्यात जुना स्ववाचक अर्थ अजून शिल्लक आहे. ‘आपल्याला हे घर घ्यायचे आहे’ यात नवा अर्थ आहे. स्वतःचा वाचक असलेला शब्दच सहभावाचा वाचक व्हावा, ही गोष्ट भाषेच्या इतिहासात लक्षणीय मानली पाहिजे.

शहाड : तीन भाषांचा संगम

कल्याण जंक्शन सोडून गाडी कसाऱ्याच्या दिशेने निघाली की पहिले स्थानक शहाड. उल्हास नदीच्या खोऱ्यातील हा मुळात आगरी आणि इतर मराठी बोली बोलणाऱ्या गावांचा प्रदेश. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथून जवळच लष्कराच्या मोठ्या छावण्या उभ्या राहिल्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना या रिकाम्या बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथील नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली व त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या नगराचे विभाग आजही ‘कॅम्प नंबर एक’, ‘कॅम्प नंबर दोन’ अशाच नावांनी ओळखले जातात. पुढे शहाड येथे सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आला आणि त्याबरोबर निरनिराळ्या प्रांतांतील कामगार आले. अशा रीतीने एकाच स्थानकाच्या आसपास आगरी मराठी, सिंधी आणि बाजारातील हिंदी या तीन भाषा नित्याच्या झाल्या.

मराठी आणि सिंधी यांचा परिचय मात्र फाळणीने प्रथम घडविला असे नाही. सिंध प्रांत १८४७ पासून १९३६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे, मुंबई इलाख्यात होता. कराचीतील एक नामांकित शाळा सिंधच्या शिक्षणखात्यातील अधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाने चालत आलेली आहे. तरीही १९४७ नंतर आलेला सिंधी माणूस आणि येथील मराठी गावकरी हे परस्परांस परकेच वाटले. ज्यांचे घरदार गेले त्यांस शेजार हवा होता. ज्यांच्या गावाशेजारी एकाएकी शहर उभे राहिले त्यांसही नव्या शेजाऱ्याचा अदमास घ्यावयाचा होता. ओढ दोन्हीकडे होती. मग अडले कोठे?

पुलावर गळलेला भेद

येथे एक भाषिक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावयास हवी. सिंधीत ‘असीं’ म्हणजे ‘आम्ही’. याखेरीज सिंधीत ‘पाण’ असा एक शब्द आहे. तो मुळात स्ववाचक. पण श्रोत्यास सामील करून घेताना सिंधी माणूस ‘पाण’ हाच शब्द वापरतो. ‘पाण हलूं’ म्हणजे ‘आपण चलू या’. हा ‘पाण’ त्याच प्राकृत ‘अप्पाण’पासून आलेला आहे. ‘पाण’ आणि ‘आपण’ हे सख्खे भाऊ आहेत. अर्थविकासाची वाटही दोघांची एकच. गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ हा भेद आहे. द्राविड भाषांपैकी तमिळमध्ये ‘नाम्’ व ‘नांगळ्’ आणि तेलुगूत ‘मनमु’ व ‘मेमु’ अशा जोड्या आहेत. पश्चिम भारतातील आर्यभाषांनी हा विशेष द्राविड संपर्कातून घेतला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

म्हणजे शहाडच्या परिसरात समोरासमोर आलेल्या दोन समाजांपाशी ‘तू आणि मी मिळून’ असे सांगणारा, एकाच मुळाचा शब्द तयार होता. परंतु त्यांचा व्यवहार या दोन भाषांपैकी कोणत्याच भाषेत झाला नाही. तो हिंदीत झाला, आणि प्रमाण हिंदीत दोहोंसाठी एकच शब्द आहे : ‘हम’. सिंधी दुकानदाराने मनात ‘पाण’ योजिले, तोंडाने ‘हम’ म्हटले; मराठी गिऱ्हाइकाने ‘हम’ ऐकले आणि त्याचे ‘आम्ही’ केले, कारण ‘हम’ व ‘आम्ही’ यांची जोड कानास सहज पटते. दोन्ही टोकांस असलेला भेद मधल्या पुलावर गळून पडला. त्याच दुकानदाराने पुढे हिंदीच्या आधाराने मराठी शिकावयास घेतली, तर तो ‘आम्ही उद्या भेटू’ असे म्हणण्याचा संभव आहे, आणि ज्यास भेटावयाचे तोच माणूस त्या वाक्यातून बाहेर राहतो. बोलणाऱ्याचा उद्देश जवळ घेण्याचा असतो, ऐकणाऱ्यास दार लावल्याचा भास होतो. दोष कोणाच्याही मनाचा नसतो.

दुसरा अडसर लिपीचा. सिंधीची अरबी वळणाची बावन्न अक्षरांची लिपी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निश्चित झाली. भारतात आल्यावर देवनागरीचा पुरस्कार करणारा आणि जुनी लिपी राखू इच्छिणारा असे दोन पक्ष पडले. आज दोन्ही लिप्या वापरात आहेत. १९६७ मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने सिंधीस आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, तरी हा वाद संपला नाही. जुन्या लिपीत सिंधी माणसाचा सारा साहित्यवारसा होता, म्हणून तिच्याविषयीचे त्याचे ममत्व समजण्यासारखे आहे. परंतु मराठी शेजाऱ्याच्या दृष्टीने त्या लिपीतील ‘पाण’ हा अपरिचित रेषांचा पुंजका ठरला. तोच शब्द देवनागरीत लिहिलेला दिसता तर त्याचे आप्तपण कदाचित नजरेत भरले असते. अर्थात देवनागरीनेही सर्व काही साधत नाही. सिंधीतील चार अंतःस्फोटी व्यंजनांसाठी नागरीस अधोरेषा जोडून ॻ, ॼ, ॾ, ॿ ही अक्षरे घ्यावी लागतात, आणि ते ध्वनी मराठी कानास नवखेच आहेत.

आदराची उंची

तिसरा अडसर खुद्द मराठीच्या आत आहे. मराठीत ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीयपुरुषी सर्वनामही आहे. ‘आपण उद्या शहाडला जाणार काय?’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एकात बोलणारा सोबत आहे. दुसऱ्यात तो हात जोडून दूर उभा आहे. ‘आपण जाऊ’ आणि ‘आपण जाल’ येथे क्रियापद निर्णय देते. ‘आपण जावे’ येथे तेही मौन धरते. रॉजर ब्राऊन व आल्बर्ट गिलमन यांनी १९६० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात सर्वनामांच्या निवडीमागे सत्ता आणि सख्य अशी दोन तत्त्वे सांगितली. युरोपीय भाषांत या दोन तत्त्वांसाठी साधारणतः दोन वेगळी सर्वनामे असतात. मराठीच्या ‘आपण’मध्ये जवळीक आणि अंतर एकाच शब्दात नांदतात.

मराठी सौजन्याने या संदिग्धतेचा सुंदर उपयोगही करून घेतला आहे. पाहुण्यास ‘हे आपलेच घर आहे’ असे म्हणताना घर ‘तुमचे’ की ‘तुमचे-आमचे’, हे यजमान उलगडून सांगत नाही, आणि त्या न सांगण्यातच आतिथ्य असते. पण हीच संदिग्धता आडही येते. कचेरीत येणाऱ्या नागरिकास ‘आपण अर्ज केला आहे काय?’ असे विचारले जाते, तेव्हा आदर पुरेपूर असतो, माणूस मात्र पलीकडेच राहतो. ‘आपण सर्वांनी कर वेळेवर भरावा’ या सूचनेत समावेशाचे रूप असते आणि आज्ञेचा आशय. असा ‘आपण’ वारंवार ऐकू आला की त्या शब्दावरील विश्वास झिजतो. मग कोणी खरोखर जवळ घेऊ लागले तरी श्रोता क्षणभर थबकतो.

बाजारू हिंदीने केलेली दुरुस्ती

तथापि या कथेस आणखी एक बाजू आहे. शिष्ट लोक जिला अशुद्ध म्हणून हिणवितात त्या मुंबई-कल्याणकडील हिंदीने ‘हम’वर समाधान मानले नाही. तिने ‘अपन’ हे समावेशक सर्वनाम वापरात आणले : ‘अपन चलते हैं’. मध्य भारतातील हिंदीतही ते आढळते. आगरी बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येत असल्याने तेथे ‘आपण’चे ‘आपन’ होते. आगरी ‘आपन’, बाजाराचा ‘अपन’ आणि सिंधी ‘पाण’ हे तिघे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की, बोलणाऱ्यास जणू मायबोलीतीलच शब्द उच्चारल्यासारखे वाटावे. जो भेद पुलावर गळला होता तो पुलावरून जाणाऱ्यांनीच पुन्हा उभा केला. व्याकरणकारांनी त्यांस तसे सांगितले नव्हते. गरज होती म्हणून त्यांनी ते केले. सहभावाची ओढ भाषेत कार्य करते याचा याहून सबळ पुरावा क्वचितच मिळेल.

पण येथेही भाषेने एक विलक्षण वळण घेतले आहे. मुंबईच्या रस्त्यावरील बोलीत ‘अपुन’ या रूपाचा अर्थ पुष्कळदा केवळ ‘मी’ असा होतो, आणि तोही कोणाची पर्वा न करणारा ‘मी’. ‘आत्मन्’पासून निघालेला शब्द ‘स्वतः’कडून ‘आपण सारे’ इथवर आला आणि गर्दीच्या शहरात पुन्हा एकट्या ‘स्वतः’शी जाऊन पोहोचला.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो मर्यादित, परंतु निश्चित आहे. श्रोत्यासाठी जागा राखून ठेवणे एवढेच व्याकरणास शक्य असते. त्या जागी कोणास बसवावयाचे, हे प्रत्येक वेळी बोलणारा ठरवितो. शहाडसारख्या ठिकाणी ज्यास दुरावा म्हटले जाते त्याचा काही भाग तरी शब्दांच्या अभावातून आलेला नाही. दोन्ही घरी असलेला एकच शब्द एकमेकांच्या कानी पडला नाही, यातून तो आलेला आहे. त्या दृष्टीने मराठीच्या विद्यार्थ्याने शेजारच्या सिंधी घरातील ‘पाण’ ऐकणे, आणि सिंधी विद्यार्थ्यास मराठी शिकविताना ‘हम’च्या मार्गाने न नेता थेट ‘पाण’वरून ‘आपण’कडे नेणे, ही तुलनात्मक भाषाशास्त्राची लहानशी पण उपयुक्त सेवा ठरेल. शिकणाऱ्यास नवा शब्द पाठ करावा लागणार नाही. स्वतःचाच शब्द शेजाऱ्याच्या तोंडी ओळखावयाचा, एवढेच त्यास करावे लागेल.